गाण्याबरोबर चित्र थरथरतं, पण नाचत नाही

प्रश्न थोडक्यात असा: ब्राउझरमध्ये गाणं वाजतंय, ॲनालायझरमधून (आवाजात कोणती फ्रिक्वेन्सी किती जोरात आहे ते मोजणाऱ्या भागातून) येणारे आकडे ६४ पट्ट्यांना आणि मधल्या एका वर्तुळाला जोडले आहेत. डान्स ट्रॅकवर हे बरं दिसतं, संथ गाण्यावर मात्र सगळं नुसतं थरथरतं. डावीकडच्या पट्ट्या कायम वर चिकटलेल्या, उजवीकडच्या मेल्यासारख्या, आणि वर्तुळ दर ठोक्याला किंचित उशिरा फुगतं. मग आवाजाचं आणखी बारीक विश्लेषण शिकावं का? एखादी मशीन लर्निंगची लायब्ररी लावावी का?

आधी नको. तुम्हाला आत्ता जेवढे आकडे मिळतायत तेवढेही जास्तच आहेत. अडचण वेळेची आहे. तुमचं चित्र सध्या मीटरचं काम करतंय: आवाज झाला, काटा हलला. मीटर नेहमी झालेल्या गोष्टीबद्दल बोलतो. नाचणाऱ्याला पुढचा ठोका कधी येणार हे ठाऊक असतं, म्हणून त्याचा पाय ठोक्यावर पडतो, ठोक्यानंतर नाही. मीटरचा नर्तक कसा करायचा, एवढाच खरा प्रश्न आहे. पण त्याआधी मीटर तरी नीट लावू, कारण तुमच्या तीन तक्रारी तिथल्याच आहेत.

पहिली तक्रार, डाव्या-उजव्या पट्ट्यांची. सेकंदाला ४४,१०० सॅम्पल (आवाजाच्या एकेक मोजण्या) असलेल्या आवाजावर २०४८ सॅम्पलचा एफएफटी (आवाजाची फ्रिक्वेन्सींत फोड करणारं गणित) घेतला की १०२४ कप्पे मिळतात आणि प्रत्येक कप्पा साधारण २१.५ हर्ट्झचा असतो. हे कप्पे सारख्या रुंदीचे असतात, पण आपला कान तसा ऐकत नाही. कानाला ४० ते ८० हर्ट्झ हे एक सप्तक, म्हणजे फ्रिक्वेन्सीची एक दुप्पट, आणि ११,००० ते २२,००० हेही एकच सप्तक. पहिल्या सप्तकाच्या वाट्याला जेमतेम दोन कप्पे येतात, दुसऱ्याच्या वाट्याला ५०० च्या वर. तुम्ही १०२४ कप्पे ६४ पट्ट्यांत सारखे वाटलेत, म्हणजे पहिली पट्टी शून्यापासून ३४४ हर्ट्झपर्यंत. त्या एका पट्टीत किक (मोठ्या ड्रमचा जड ठोका) आहे, बेस गिटार आहे, स्नेअरचं (खणखणीत छोट्या ड्रमचं) अंग आहे आणि गायकाच्या आवाजाचा खालचा भागही आहे. ती वर चिकटून बसली यात नवल काय! उलट उजवीकडच्या निम्म्या पट्ट्या ११,००० हर्ट्झच्या वरच्या आहेत, जिथे झांजेची सळसळ सोडली तर फारसं काही घडत नाही.

म्हणून पट्ट्या सप्तकांच्या हिशोबाने पाडा. माणसाची ऐकण्याची कक्षा २० ते २०,००० हर्ट्झ, म्हणजे सुमारे दहा सप्तकं. सप्तकाला तीन पट्ट्या घेतल्या तर तीसेक पट्ट्यांत सगळं येतं. अगदी खालच्या पट्ट्यांना पुरेसे कप्पे मिळणार नाहीत, तिथे शेजारच्या दोन कप्प्यांच्या मधली किंमत काढून घ्या. शिवाय बहुतेक संगीतात वर जावं तशी ऊर्जा उतरत जाते. दर सप्तकाला ३ ते ४ डेसिबल चढ दिला की चित्राचा डावा-उजवा तोल सावरतो. आकडा तंतोतंत हवाच असं नाही, डोळ्याला पटेपर्यंत सरकवा.

याच तक्रारीत आणखी एक छुपी गोष्ट आहे. वेब ऑडिओचा (ब्राउझरमधल्या आवाजाच्या सोयीचा) ॲनालायझर जे ० ते २५५ आकडे देतो ते डेसिबलचे असतात, आणि मुळात -१०० डेसिबलला शून्य व -३० डेसिबलला २५५ अशी त्याची मांडणी असते. आजकालचं जोरात मास्टर केलेलं गाणं खालच्या पट्ट्यात -३० च्या पुष्कळ वर असतं. म्हणजे किक वाजो न वाजो, तिथला आकडा २५५ वरच आपटतो. वरची मर्यादा -१० आणि खालची -७० च्या आसपास आणा, पट्ट्यांना लगेच हालचालीला जागा मिळेल.

दुसरी तक्रार थरथरण्याची. ॲनालायझरमध्ये स्मूदिंगचा, म्हणजे आकडे गुळगुळीत करण्याचा, गुणक असतो, न सांगता तो ०.८ असतो. म्हणजे प्रत्येक वेळी जुन्या किमतीचे ८० टक्के आणि नवीनचे २० टक्के. यात दोन खोडी आहेत. एक, चढताना आणि उतरताना तो सारखाच हळू असतो, त्यामुळे ठोक्याची धार बोथट होते आणि थरथर तरीही पूर्ण जात नाही. दोन, तो फ्रेमवर चालतो, वेळेवर नाही. ६० फ्रेमच्या पडद्यावर त्याचा वेळ साधारण ७५ मिलिसेकंद पडतो, १४४ फ्रेमच्या पडद्यावर तोच ३१ मिलिसेकंद. तुमच्या लॅपटॉपवर गोड वाटणारी हालचाल दुसऱ्याच्या मॉनिटरवर चिरचिरी दिसते ती यामुळे.

हा गुणक सरळ शून्य करा आणि स्मूदिंग स्वतः लिहा: चढण्याचा वेळ वेगळा, उतरण्याचा वेगळा. नवी किंमत जुन्यापेक्षा मोठी असेल तर चढण्याचा वेळ वापरायचा, लहान असेल तर उतरण्याचा. गणित एवढंच: मागच्या फ्रेमपासून गेलेला वेळ भागिले तुम्ही ठरवलेला वेळ, त्याच्या उणे किमतीचा ई वर घात, आणि तो घात जुन्या किमतीचा वाटा. फ्रेम किती का असेनात, वागणूक एकच राहते. किकसाठी चढ ५ मिलिसेकंद किंवा अजिबात नाही, उतार १५० ते २५०. हाय-हॅटसाठी (ड्रमसेटमधल्या झांजांच्या जोडीसाठी) उतार ५०-६०. गायकाच्या आवाजासाठी चढ ४०, उतार ४००. संपूर्ण गाण्याच्या जोरासाठी दोन्ही काही सेकंदांचे. या एका बदलानंतर तुमचं निम्मं काम झालेलं असेल. एकच आवाज, एकच आकडा, पण उतार ८० मिलिसेकंदांचा ठेवला तर वर्तुळ प्लास्टिकचं वाटतं आणि ३०० चा ठेवला तर जड रबराचं. वस्तूला वजन उतारातून येतं. मी नवीन काम हातात घेतलं की पहिला बराच वेळ फक्त हे उतार फिरवण्यात घालवतो, रंगरूपाला नंतर हात लावतो.

तिसरी तक्रार, उशीर. यातला काही भाग मोजता येतो. २०४८ सॅम्पलची विंडो, म्हणजे एका वेळी मोजला जाणारा तुकडा, ४६ मिलिसेकंदांची असते. ॲनालायझर तिला ब्लॅकमन नावाचा उतरता आकार देतो, म्हणजे दोन्ही टोकांची सॅम्पलं जवळजवळ पुसली जातात. नेमकी सगळ्यात ताजी सॅम्पलं टोकाला असतात. त्यामुळे आत्ता पडलेला ठोका विंडोच्या मधल्या भागात सरकेपर्यंत वीसेक मिलिसेकंद जातात. त्यावर एक फ्रेम, म्हणजे १६.७, आणि मग पडद्याचा स्वतःचा उशीर. ठोका पकडायला म्हणून वेगळी वाट काढा: आवाज १२० हर्ट्झच्या लो-पास (त्याखालचाच आवाज पुढे जाऊ देणाऱ्या) फिल्टरमधून न्या, पलीकडे दुसरा ॲनालायझर लावा आणि त्याची लाटच वाचा, एफएफटी नको. ताज्या ५१२ सॅम्पलची सरासरी ऊर्जा काढली की किक कळते. त्याहून घाई करण्यात अर्थ नाही. ६० हर्ट्झच्या एका लाटेलाच १६.७ मिलिसेकंद लागतात, ती निम्मी तरी झाल्याशिवाय तिचा जोर कळत नाही.

ठोका ओळखण्याची रूढ पद्धत अशी: प्रत्येक फ्रेमला प्रत्येक कप्प्यात मागच्या फ्रेमपेक्षा किती वाढ झाली ते पाहायचं, घट सोडून द्यायची, वाढीची बेरीज घ्यायची. बेरीज अलीकडच्या सेकंदभराच्या मध्यकापेक्षा बरीच वर गेली की ठोका धरायचा, आणि पुढचे १०० मिलिसेकंद दुसरा ठोका मानायचा नाही. ही शेवटची अट बरेच जण विसरतात आणि मग एका स्नेअरला तीन स्फोट होतात. ठराविक उंबरठा ठेवू नका, तो एका गाण्याला बसतो आणि दुसऱ्याला नाही.

इथपर्यंत झालं मीटर. तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर इथून सुरू होतं.

तुमच्याकडे गाण्याची फाईल आहे. ते थेट मैफलीतून येणारं अनोळखी संगीत नाही. मग पडद्यावरचं चित्र गाणं पहिल्यांदाच ऐकल्यासारखं का वागतंय? गाणं आधी ऐकून, मोजून, टिपून ठेवता येतं. ऑस्कर फिशिंगर १९३० च्या आसपास जर्मनीत ग्रामोफोनच्या रेकॉर्डवर कोळशाने काढलेली अमूर्त चित्रं एकेक फ्रेम करून बसवत होता. त्याच्याकडे ना एफएफटी होता ना संगणक, पण पुढचा सूर कुठे येणार हे त्याला पक्कं माहीत होतं. त्याच्या रेषा सुराच्या आधी धाव घेतात आणि सुरावर येऊन थांबतात. आपली आजची बहुतेक ऑडिओ-रिॲक्टिव्ह कामं याच्या नेमकी उलट असतात: सुरावर दचकतात आणि मग ओशाळून परत जातात.

तर करायचं असं. गाण्याचा वेग ठाऊक असेल, समजा १२० बीपीएम (मिनिटाला १२० ठोके), तर ठोका दर ५०० मिलिसेकंदांनी. पहिला ठोका फाईलमध्ये नेमका कुठे आहे ते एकदा मोजून घ्या. आता कोणत्याही क्षणी चालू वेळेतून पहिल्या ठोक्याची वेळ वजा करा, बीपीएमने गुणा आणि ६० ने भागा: आपण कितव्या ठोक्यात आणि त्या ठोक्याच्या किती आत आहोत हे दशांशासह मिळतं. यातला अपूर्णांक ० पासून १ पर्यंत अखंड सरकत राहतो. हा आकडा माझ्या मते एफएफटीच्या सगळ्या कप्प्यांपेक्षा मोलाचा आहे, कारण त्याच्यात भविष्य आहे. ०.७ ला पोचलो म्हणजे ठोका १५० मिलिसेकंदांवर आला, हे आत्ताच कळतं. तिथून वर्तुळ थोडं आक्रसायला लागू द्या आणि बरोबर ठोक्यावर उघडू द्या. चेंडू असेल तर तो वरून सुटताना ठोक्याच्या आधी सुटेल आणि आदळेल ठोक्यावर. उशिराची तक्रार इथे आपोआप मिटते.

पण नुसता असा अपूर्णांक वापरला तर चित्र घड्याळासारखं टकटक करत राहील, गाण्यात काहीही चाललं असो. म्हणून कामं वाटून द्या: केव्हा हलायचं हे ठोक्याच्या हिशोबाने ठरवा, किती हलायचं हे आवाजाच्या जोरावरून. गाण्यात किक थांबली की जोराचा आकडा शून्याकडे जातो, आक्रसणं-उघडणं विझतं. किक परत आली की पहिल्याच ठोक्यावर वर्तुळ तयार असतं. फाईल हाताशी असल्यामुळे जोराचा आकडाही तुम्हाला थोडा पुढचा वाचता येतो, तेव्हा आक्रसण्याची खोली येणाऱ्या ठोक्याच्या जोरावरून घ्या.

वेग आपोआप काढणारी साधनं आहेत, पायथॉन भाषेतली लिब्रोसा ही लायब्ररी त्यासाठी पुरेशी आहे. तिचा निकाल कानाने तपासल्याशिवाय वापरू नका. अशा साधनांची ठरलेली चूक म्हणजे दुप्पट किंवा निमपट: १४० च्या गाण्याला ७० सांगणं. दुसरी चूक म्हणजे दुसऱ्या मात्रेला सम समजणं. आणि क्लिकशिवाय (कानात टकटकणाऱ्या मेट्रोनोमशिवाय), माणसांनी मोकळेपणी वाजवलेलं गाणं असेल तर एकच बीपीएम धरून चालतच नाही, दोन मिनिटांत चित्र अर्धा ठोका भरकटतं. अशा गाण्यात ऑडॅसिटी या आवाज-संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये ठोक्यांवर लेबलं टाकत जा आणि ती यादी मजकूर म्हणून बाहेर काढा, दोन लेबलांमधलं अंतर म्हणजे तो ठोका. कंटाळवाणं काम आहे, पण चार मिनिटांच्या गाण्याचं एका बैठकीत होतं आणि पुन्हा त्याकडे बघावं लागत नाही.

लेबलं टाकताना ठोक्यांच्या जोडीला आणखी एक यादी करा, विभागांची: सुरुवातीचा भाग, कडवं, ध्रुवपद, मधली मोकळी जागा, शेवट. ही यादी कोणत्याही फ्रिक्वेन्सीच्या आलेखातून सरळ निघत नाही. आणि गंमत म्हणजे बघणाऱ्याला सगळ्यात आधी जाणवतं ते हेच. ध्रुवपद आलं आणि चित्राची रचनाच बदलली, कॅमेरा मागे गेला, पार्श्वभूमी उजळली, तर प्रेक्षक म्हणतो, "गाण्याबरोबर काय जुळलंय!" किक कितीही तंतोतंत पकडली तरी हे कौतुक मिळत नाही. संथ गाण्यावर तुमचं चित्र मरतं त्याचं हेच कारण. संथ गाण्यात घडामोड ठोक्यात नसते, ती दहा-वीस सेकंदांच्या ओळींमध्ये असते, आणि तुमच्या चित्रातली एकही गोष्ट त्या गतीने हलत नाही. म्हणून मी नेहमी तीन घड्याळं धरतो: ठोक्याचं, ओळीचं, आणि अख्ख्या गाण्याचं. १२० बीपीएमला चार मात्रांची आठ आवर्तनं म्हणजे १६ सेकंद. एवढ्या वेळात हळूहळू फिरणारा रंग किंवा सरकणारा कॅमेरा दुसऱ्या घड्याळावर ठेवा. तिसऱ्या घड्याळावर गाण्याच्या सुरुवातीला एक चित्र आणि शेवटी वेगळं चित्र, मधे सावकाश प्रवास.

आता कशाला काय जोडायचं. लोकांचा मोह असा की जेवढ्या पट्ट्या तेवढ्या वस्तू हलवायच्या. १९६५ साली कूली आणि ट्युकी यांची एफएफटीची पद्धत प्रसिद्ध झाल्यापासून स्पेक्ट्रम काढणं संगणकाला स्वस्त पडायला लागलं, आणि स्वस्त पडलं म्हणून सगळं दाखवलं जातं. त्याउलट विनॅम्प या गाणी वाजवणाऱ्या प्रोग्रॅममधलं, गाण्यावर चित्रं हलवणारं मिल्कड्रॉप आठवा, रायन गाइसने २००१ मध्ये आणलेलं. त्यातल्या प्रीसेटला (आधी लिहून ठेवलेल्या चित्राला) आवाजाकडून मुख्यतः मिळायचं काय? बेस, मधला पट्टा आणि ट्रेबल असे तीन आकडे, त्यांचीच थोडी गुळगुळीत केलेली आवृत्ती, आणि कच्ची लाट. बाकी सगळी जादू मागची फ्रेम किंचित ताणून, फिरवून पुन्हा रंगवण्यात होती. आणखी एक शहाणपणाची गोष्ट त्यात होती: हे तीन आकडे १ च्या भोवती फिरायचे. १ म्हणजे या गाण्याला साजेसा नेहमीचा बेस, १.५ म्हणजे नेहमीपेक्षा बराच जास्त. गाणं मोठ्याने वाजो वा हळू, चित्र तेवढंच जिवंत राहतं. हे तुम्हीही करा: प्रत्येक पट्ट्याची काही सेकंदांची सरासरी ठेवा आणि आत्ताच्या किमतीला तिने भागा. फक्त सरासरीला एक तळ द्या, नाहीतर शांततेत सरासरी शून्याला टेकते, भागाकार फुगतो आणि रेकॉर्डिंगमधली नुसती खरखर पडद्यावर थयथयाट करते.

जोडताना माझा कल असा असतो. खालचा ठोका आकाराला किंवा जागेला, कारण जड आवाजाने जड वस्तू हलावी असं डोळ्याला वाटतं. वरची सळसळ कणांना, पोताला, कडेच्या बारीक नक्षीला. गायकाचा आवाज एखाद्या एकाच रेषेला, आणि त्या रेषेला दुसरं काहीही जोडू नये. आवाजाची उजळी, म्हणजे स्पेक्ट्रमचा भारमध्य कुठे आहे, ती रंगाच्या उजळीला. हे काही शास्त्र नाही, पण याच्या उलट केलं, म्हणजे हाय-हॅटवर अख्खा डोंगर हलवला, तर विनोदी दिसतं. विनोद हवा असेल तर अवश्य करा.

जोडण्यातली सगळ्यात कामाची युक्ती मात्र वेगळी आहे आणि ती फारशी कुणी सांगत नाही: आवाज जागेला जोडू नका, वेगाला जोडा. कोन म्हणजे बेसचा आकडा, असं लिहिलं तर वस्तू पुढे-मागे झटके खात राहते, कारण आकडा वर जाऊन परत येतो. त्याऐवजी प्रत्येक फ्रेमला कोनात बेसच्या प्रमाणात थोडी भर घाला. जोर नेहमी धन असतो, त्यामुळे वस्तू फक्त पुढेच जाते, ठोक्यावर झेपावते, मधे रेंगाळते, शांततेत थांबते. थरथर मुळातच उरत नाही, कारण बेरीज करणं हेच एक स्मूदिंग आहे. पोताचं सरकणं, बोगद्यातला प्रवास, नॉइजच्या (सलग बदलणाऱ्या यादृच्छिक आकड्यांच्या) क्षेत्रातली वाहत जाणारी रेषा, या सगळ्यांना हे लागू पडतं. ज्या वस्तूला परत जागेवर यायचंच आहे तिला स्प्रिंग द्या: ठोक्याला वेगाचा एक धक्का, बाकी स्प्रिंग बघून घेईल. थोडं उसळून, एकदा ओलांडून स्थिरावणारी स्प्रिंग चांगली. चार-पाच वेळा डुलणारी स्प्रिंग पुढच्या ठोक्याशी भांडते.

आकड्याला वक्र द्यायला विसरू नका. ० ते १ मधल्या किमतीचा वर्ग किंवा घन घेतला की लहानसहान हालचाल दबते आणि खरा ठोका उठून दिसतो. वर्तुळाची त्रिज्या दुप्पट केली की क्षेत्रफळ चौपट होतं हेही लक्षात असू द्या. तुम्हाला वाटतं दुपटीने फुगवलं, डोळ्याला तो स्फोट वाटतो. वर्तुळासाठी मी सहसा १५ टक्क्यांच्या पुढे जात नाही. आणि काही वस्तू मुद्दाम हलवूच नका. सगळं हलत असेल तर काय हललं हे कळायला डोळ्याला आधार उरत नाही.

गाण्याचे वेगळे ट्रॅक मिळत असतील, किंवा मूळ प्रोजेक्टच हाती असेल, तर वरच्या फिल्टरच्या खटपटी बाजूला ठेवा. मिडीमध्ये (वाद्यांना सूचना देणाऱ्या भाषेत) कोणता सूर, कधी, किती जोरात हे ० ते १२७ च्या आकड्यांत लिहिलेलं असतं, त्याहून स्वच्छ माहिती कोणत्याही विश्लेषणातून निघत नाही. फक्त मिसळलेली फाईल असेल तर डीझरने २०१९ मध्ये खुलं केलेलं स्प्लीटर किंवा फेसबुकच्या संशोधकांचं डेमुक्स वापरून ड्रम, बेस, आवाज आणि बाकीचं असे चार भाग करा. ऐकायला ते भाग थोडे डागाळलेले असतात, पण चित्र हलवायला अगदी पुरतात. मशीन लर्निंगचा तुम्हाला उपयोग असेल तर तो इथे.

साधनांबद्दल फार बोलण्यासारखं नाही. ब्राउझर चालेल. टचडिझायनर थेट कामाला उत्तम. ब्लेंडरमध्ये आवाज आलेखात उतरवताना खालची-वरची फ्रिक्वेन्सी, चढ आणि उतार असे चारही आकडे देता येतात. आफ्टर इफेक्ट्स ऑडिओचे कीफ्रेम करून देतं ते फक्त एकूण जोराचे, म्हणून आधी ट्रॅकची प्रत काढून तिच्यावर फिल्टर मारून घ्यावा लागतो.

थेट कार्यक्रमात भविष्य हाती नसतं असं वाटतं, पण ते थोडंफार विकत घेता येतं. वाजवणाऱ्याच्या यंत्रातून मिडी क्लॉक घ्या, तो दर ठोक्याला २४ टिचक्या पाठवतो. किंवा एबलटन लिंकने (नेटवर्कवरून ताल जुळवणाऱ्या सोयीने) जोडून घ्या. दोन्ही नसेल तर एका बटणावर हाताने ठोका धरा आणि मधूनमधून सम दुरुस्त करा. आवाज मिक्सरमधून तारेने घ्या. मायक्रोफोनमध्ये टाळ्या, बोलणं आणि खोलीची घुमार येते. शिवाय आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे दहा मीटरवर २९ मिलिसेकंद गेलेच.

चित्र आणि आवाज यांत थोडा फरक राहणारच असेल तर तो कुठल्या बाजूला असावा? चित्र आधी आणि आवाज मागून, हे आपल्याला चालतं. दूरवरचा हातोडा आधी दिसतो, मग ऐकू येतो. दूरदर्शन प्रसारणासाठीच्या आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संस्थेच्या शिफारशीत आवाज ४५ मिलिसेकंद आधी आला तर लोकांच्या लक्षात येतं, उशिरा आला तर मात्र १२५ पर्यंत चालून जातं, असे उंबरठे दिले आहेत. म्हणून शंका असेल तिथे मी चित्र एखादी फ्रेम पुढेच ठेवतो. ब्लूटूथ हेडफोनवर तपासत बसू नका, त्यांचा उशीर सहज १०० ते २०० मिलिसेकंद असतो आणि तुम्ही नसलेली चूक दुरुस्त कराल. ब्राउझरमध्ये वेळ नेहमी ऑडिओच्या घड्याळावरून घ्या, फ्रेम मोजून नाही.

झगमगाटाबद्दल एक गोष्ट सक्तीची समजा. वेबसाठीच्या सुलभतेच्या नियमांत एका सेकंदात तीनपेक्षा जास्त लखलखाट नकोत असं म्हटलं आहे. १२० बीपीएमला दर ठोक्यावर एक लखलखाट म्हणजे सेकंदाला दोन, ठीक. तोच अर्ध्या मात्रेवर नेला की चार, आणि तुम्ही मर्यादेबाहेर. मोठ्या क्षेत्रावरचा गडद लाल लखलखाट जास्त धोक्याचा. १९९७ च्या डिसेंबरमध्ये जपानमध्ये टीव्हीवरच्या एका कार्टूनमध्ये लाल-निळा प्रकाश वेगाने लुकलुकला आणि शेकडो मुलांना दवाखान्यात न्यावं लागलं. पूर्ण पडदा पांढरा करण्याऐवजी एखादा लहान आकार उजळला तरी ठोका तेवढाच पोचतो.

चित्र तयार झाल्यावर एक परीक्षा घ्या: त्याच चित्रावर भलतंच, साधारण त्याच वेगाचं गाणं लावून बघा. आपला मेंदू जुळणी शोधायला इतका अधीर असतो की योगायोगालाही तो ताल म्हणतो. भलत्या गाण्यावरही चित्र तितकंच छान वाटलं, तर तुमच्या जोडण्यांपैकी बहुतेक काहीच करत नाहीत. एकेक बंद करत जा, जी बंद केल्याने फरक पडत नाही ती काढून टाका. माझ्या कामांत शेवटी तीन-चारच उरतात.

व्हिडिओ बाहेर काढताना थेट वाजवून पडदा रेकॉर्ड करू नका. फ्रेमच्या क्रमांकावरून वेळ काढा, त्या वेळेची आधीच मोजून ठेवलेली किंमत उचला आणि फ्रेम लिहा, एका फ्रेमला दहा सेकंद लागले तरी बिघडत नाही. आवाजाची फाईल डब्ल्यूएव्ही घ्या. एमपी३ आणि एएसी एन्कोड करताना सुरुवातीला थोडी शांतता चिकटते, वीस ते पन्नास मिलिसेकंदांची, आणि प्रत्येक प्लेअर ती सारखी कापतोच असं नाही. आणि फ्रेमचा दर ३० ठरवला असेल तर एडिटिंगच्या टाइमलाइनवरही तो ३० च आहे ना ते बघा. तिथे २९.९७ असेल तर हजारात एक असा फरक पडतो, चार मिनिटांच्या गाण्याच्या शेवटी तो जवळजवळ पाव सेकंद होतो, म्हणजे १२० बीपीएमला जवळजवळ अर्धा ठोका.